'धोका'चा 'घोका' होतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दापोडीहून निगडीपर्यंत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जा, किंवा नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करत चाकण गाठा. तासाभराच्या या प्रवासात आपल्या डोळ्यांवर किती पाट्या आदळतात, हे कधी मोजून पाहिलंय का? दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स, कारखान्यांची नावं, 'भरती चालू आहे'चे कागद, वळणाचे बाण, गेटवरचे नियम. कारखान्याच्या आत गेलात तर भिंतीभिंतीवर सूचना, तक्ते आणि इशारे. यातल्या किती पाट्या तुम्ही खरोखर वाचल्या? दहा? पाच?

ग्राफिक डिझाइन म्हटलं की आपल्यासमोर मुंबईतली एखादी वातानुकूलित जाहिरात संस्था उभी राहते. ही कलावंतांची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असं वाटतं. पण अक्षर, रंग, चित्र आणि मोकळी जागा यांची मांडणी करून एक गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचवणं, एवढाच या विद्येचा साधा अर्थ आहे. त्या अर्थानं भोसरीतल्या वर्कशॉपच्या दारावर खडूनं 'आज सुट्टी' लिहिणारा माणूसही डिझाइनच करत असतो. आणि या औद्योगिक पट्ट्यात ही मांडणी चुकली, तर नुसती शोभा जात नाही. कधी माल परत येतो, कधी ट्रक तासभर भलत्याच गेटवर उभा राहतो, आणि कधी कुणाचं बोट जातं.

पाट्या कोण वाचतं ते आधी पाहू. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. पुढे १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांनी भोसरी-चिंचवड भरून गेलं. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. सुरुवातीचा कामगार बहुतांशी मावळ, खेड, सातारा, मराठवाडा इथला होता. आज एकाच शेडमध्ये नांदेडचा मुलगा, बिहारचा मुलगा आणि ओडिशाचा मुलगा शेजारी शेजारी उभे असतात. त्यातले कित्येक कंत्राटी, काही तर कालच रुजू झालेले. फलक या मुलांसाठी असतो.

आपल्या कायद्यानं ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम १०८ होतं. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, ठळक आणि सोयीच्या जागी लावाव्यात, स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवाव्यात, असं ते कलम सांगत होतं. नोव्हेंबर २०२५मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेनं घेतली. पण समजणारी भाषा, दिसणारी जागा आणि वाचता येणारं अक्षर, या तीन अटींत डिझाइनचं निम्मं शास्त्र आलं आहे.

मग पाट्या चुकतात कुठे? माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. फलक मंजूर करणारा माणूस संगणकाच्या पडद्यापासून दीड फुटावर, खुर्चीत बसलेला असतो, आणि काय लिहिलंय हे त्याला आधीच ठाऊक असतं. वाचणारा माणूस पंधरा फुटांवर उभा असतो, घाईत असतो, आणि त्याला काहीच ठाऊक नसतं. पहिल्याला जे छान दिसतं ते दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

पहिली चूक हव्यासाची. फलकाला जागा आहे ना, मग सगळंच लिहू! वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली सुरक्षा धोरण, बाजूला घोषवाक्य, कोपऱ्यात हेल्मेट घातलेल्या हसऱ्या माणसाचं इंटरनेटवरून उचललेलं चित्र, आणि मधे बारा सूचना. प्रेसवर काम करणाऱ्या मुलाला यातली एकच सूचना जीवनावश्यक असते: डायमध्ये हात घालू नकोस. ती असते सातव्या क्रमांकावर. बारा गोष्टी सारख्याच ठळक केल्या म्हणजे एकही ठळक राहत नाही. एका फलकावर एकच काम सोपवावं. बाकीच्या अकरा गोष्टी प्रशिक्षणात सांगा, कागदावर द्या, पण यंत्राजवळ नको. आणि मोकळी सोडलेली जागा वाया गेली असं समजू नका. गर्दीत एका माणसाभोवती जागा केली की तोच उठून दिसतो, तसंच शब्दाचं आहे.

दुसरी चूक अक्षरांची, आणि ही खास आपली, देवनागरीची आहे. नभोवाणीवर अक्षर दाखवता येत नाही, म्हणून तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. 'ध' आणि 'घ' यांत फरक किती? 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषा मधेच तुटते, डावीकडे एक छोटीशी गाठ असते. 'घ'ची शिरोरेषा अखंड असते. 'भ' आणि 'म' यांचंही तेच. या इवल्याशा फटीवर सगळा अर्थ उभा असतो. आता हौशी माणूस काय करतो? अक्षर उठून दिसावं म्हणून त्याला जाड बाह्यरेषा देतो, तिच्यामागे सावली टाकतो, आणि फट बुजते. मग 'धोका' लांबून 'घोका' दिसतो. शाळेच्या भिंतीवर ते चालून जाईल, विजेच्या पॅनेलवर नाही! आणि 'पैसे येथे भरा' या पाटीवरचा 'भ' बुजला की काय वाचलं जाईल, ते मी मोठ्यानं म्हणत नाही.

आमच्याकडे आणखी एक खोड आहे: अक्षर ताणण्याची. जागा रुंद आहे म्हणून शब्द आडवा खेचायचा, जागा अरुंद आहे म्हणून चेपायचा. खेचलं की उभे काने जाडजूड होतात आणि आडव्या रेषा बारीकच राहतात; अक्षराचा तोल जातो. जागेत बसत नसेल तर शब्द कमी करावेत किंवा मुळातच अरुंद बांधणीचा फाँट घ्यावा. इंग्रजीचं पाहून अक्षरांमध्ये अंतर टाकण्याची फॅशनही अशीच. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते शोभतं. देवनागरी शब्द शिरोरेषेनं बांधलेला असतो; अंतर टाकलं की रेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

आकाराचंही पाहा. दुकानांच्या पाट्यांबाबत २०२२ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली. पाटीवर मराठी देवनागरी आधी हवी, आणि तिची अक्षरं इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असं त्यात आहे. पुष्कळ जण संगणकात दोन्हीकडे एकच आकडा टाकतात आणि निश्चिंत होतात. पण आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा राखावी लागते. त्यामुळे त्याच आकड्याच्या इंग्रजी कॅपिटल अक्षराशेजारी मराठी अक्षर सहसा खुजं दिसतं. म्हणून आकडा पाहू नका, प्रत्यक्ष अक्षराची उंची पाहा. पाटीसाठी एक ढोबळ हिशोब सांगितला जातो: दर दहा फुटांच्या अंतराला एक इंच अक्षर. तीस फुटांवरून वाचायचं असेल तर तीन इंच. देवनागरीत ही उंची मात्रा आणि उकार सोडून, मधल्या अंगाची धरावी. दोन ओळींमध्येही इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

ही काळजी आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा राणोजी आरू यांनी कोरलेल्या खिळ्यांच्या रेखीवपणाचं देशभर नाव झालं. अलीकडच्या काळात कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरालाच नाटकाचा चेहरा दिला. पण त्यांचं कितीही वळणदार अक्षर वाचताना अडखळायला होत नसे. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' फाँट केला आणि संगणकावर देवनागरी रुळली. आज 'मुक्त', 'बलू' यांसारखे एक टाइपचे सुरेख फाँट फुकट मिळतात. एवढा वारसा हाताशी असताना पाटीवर दुसऱ्याच लिपीची नक्कल करणारी, काटेरी, ठिबकणारी अक्षरं का घ्यावीत?

तिसरी चूक संगणकावर भरवसा टाकण्याची. चिंचवडच्या डीटीपी केंद्रात मजकूर एका फाँटमध्ये बसवतात, फ्लेक्स दुसरीकडे छापला जातो. तिथल्या यंत्रात तो फाँट नसतो. मग जोडाक्षरं फुटतात, पाय मोडलेले दिसतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तर युनिकोड मराठी नीट जुळतच नाही. यावर छपाईवाल्यांचा साधा उपाय आहे: शेवटची फाईल 'कर्व्ह' करून द्यायची, म्हणजे अक्षरांचं चित्रच होतं आणि मोडतोड होत नाही. मात्र त्याआधी मुद्रितशोधन झालेलं हवं, कारण नंतर एक मात्राही टाइप करून बदलता येत नाही. आणि मुद्रितशोधन मराठी जाणणाऱ्या माणसानंच करावं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या; 'आचार्यांना' बोलवायचं की 'आचाऱ्यांना', हे संगणक ठरवणार नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं राज्य शासनानं २००९च्या निर्णयात नेमून दिली आहेत. अनेक फाँटमध्ये ती असतात, फक्त भाषेच्या जागी 'हिंदी'ऐवजी 'मराठी' निवडावं लागतं.

चौथी गोष्ट रंगाची. कारखान्यात रंग ही सजावट नसून भाषा आहे. भारतीय मानक ब्युरोचं आय.एस. ९४५७ हे मानक आणि आंतरराष्ट्रीय संकेत सांगतात: लाल म्हणजे मनाई किंवा आगीची साधनं, पिवळा म्हणजे इशारा, निळा म्हणजे सक्ती, हिरवा म्हणजे सुरक्षित वाट. आकारही ठरलेले आहेत. तिरपी रेघ मारलेलं लाल वर्तुळ म्हणजे 'करू नका', पिवळा त्रिकोण म्हणजे 'जपून', निळं वर्तुळ म्हणजे 'हे कराच'. ज्याला कुठलीच लिपी येत नाही त्यालाही हे कळावं, म्हणून ही सोय. अशा वेळी कंपनीचा रंग हिरवा आहे म्हणून धोक्याचा फलक हिरवा करणं म्हणजे सिग्नलचे दिवे आपल्या आवडीनं लावण्यासारखं आहे. शिवाय काही पुरुषांना जन्मतःच लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. म्हणून रंगाबरोबर आकार आणि शब्द दोन्ही हवेत. रिजेक्शनची पेटी नुसती लाल रंगवून थांबू नका, तिच्यावर 'रद्द माल' असं लिहा.

पडद्यावर दिसणारा रंग प्रकाशाचा असतो, छापलेला रंग शाईचा. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट उतरला की लोक छपाईवाल्याशी भांडतात. त्यापेक्षा आधी हातभर तुकडा छापून घ्यावा, आणि जिथं फलक लागणार तिथल्याच दिव्याखाली पाहावा. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली लाल रंग तपकिरी दिसतो. निळ्यावर लाल अक्षरं थरथरतात, पांढऱ्यावर पिवळी दिसतच नाहीत. पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर काळं, निळ्यावर पांढरं हे जुने जोड अजून खरे आहेत. आणि उन्हातला फ्लेक्स लवकर विटतो, त्यात लाल शाई आधी उडते. वर्षभरानं 'धोका' हा लाल शब्द पुसट झालेला, आणि खाली कंपनीचं काळं नाव मात्र शाबूत, असे फलक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

पाचवी चूक शब्दांची. 'हेल्मेट न घालता आत प्रवेश करू नये' यात दोन नकार आहेत. वाचणाऱ्याला मनात हिशोब करावा लागतो. 'हेल्मेट घालूनच आत या' म्हणा. 'वेट फ्लोअर'चं यंत्रानं केलेलं भाषांतर 'ओला मजला' असं येतं. मजला कसा ओला होईल? 'फरशी ओली आहे, जपून चाला' हे आपलं मराठी. शिवाय आपल्या मराठी आणि हिंदी या एकाच लिपीतल्या बहिणी, एकच शब्द पण अर्थ वेगळा. मराठी 'धोका' वाचून बिहारच्या मुलाला 'धोखा', म्हणजे फसवणूक, आठवते; त्याच्या भाषेत संकटाला 'खतरा' म्हणतात. 'मोबाईल वापरल्यास शिक्षा होईल' ही पाटी वाचून त्याला वाटेल की मोबाईल वापरला तर शिक्षण मिळेल! तेव्हा लिपी वाचता येते म्हणजे अर्थ कळला, असं धरू नये. मराठी हवीच, ती पहिली हवी. पण जिथं जिवाचा प्रश्न आहे तिथं शेजारी हिंदी ओळ आणि वर चिन्ह हवं.

सहावी चूक जागेची. चाकण एमआयडीसीत रात्री हरियाणाचा किंवा तमिळनाडूचा ट्रक येतो. चालकाला कंपनीचं बोधचिन्ह नको असतं. त्याला प्लॉट नंबर आणि माल आत नेण्याचं गेट हवं असतं. बोधचिन्ह दहा फुटांचं, आणि प्लॉट नंबर खांबाच्या मागे, वितभर. चालक चुकतो, अरुंद रस्त्यावर मागे घेतो, आणि त्याच्यामागे वाहतूक तुंबते. फलक मोठा केला म्हणजे काम झालं, हाही असाच भ्रम. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळ्यात वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून पाच माणसं गेली. फलकाला वजन असतं, त्याला वारा लागतो, त्याचा सांगाडा गंजतो. हे डिझाइन करणाऱ्यानं आणि परवानगी देणाऱ्यानं कागदावरच पाहायला हवं.

आता कुणी विचारेल, पाट्या सुधारल्या म्हणजे अपघात थांबतील का? नाही. हे स्पष्टच सांगितलं पाहिजे. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते आहे. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर हात आणि बोटं गमावलेल्या कामगारांची कहाणी त्यात आहे. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं हवीत, हात आत गेला की यंत्र थांबवणारा सेन्सर हवा, गार्ड हवा. ते न बसवता नुसता 'सुरक्षा प्रथम'चा फलक लावणं म्हणजे उद्या अपघात झाला तर 'आम्ही सांगितलं होतं' असं म्हणायची सोय करणं. ही सर्वांत मोठी चूक, आणि ती कुठल्याही फाँटनं सुधारत नाही. फलकाचं काम यानंतर सुरू होतं: गार्ड असूनही जिथं माणसाचं लक्ष चुकू शकतं, तिथं त्याच क्षणी, त्याच जागी, त्याच्या भाषेत आठवण देणं.

मग फलक चांगला झाला की नाही हे ओळखायचं कसं? त्यासाठी पैसे लागत नाहीत. मजकूर साध्या कागदावर खऱ्या आकारात छापा आणि जिथं लावायचाय तिथं चिकटवा. जिथून वाचला जाणार तिथं जाऊन उभे राहा. मग ज्यानं तो आधी पाहिलेला नाही अशा माणसाला बोलवा: गेटवरचा वॉचमन, कँटीनमधला मुलगा, कालच लागलेला हेल्पर. दोन सेकंद दाखवा, मग कागद झाकून विचारा, 'यात तुला काय करायला सांगितलंय?' 'छान आहे का' असं विचारू नका; साहेबांच्या पाटीला सगळे छानच म्हणतात. त्यानं बरोबर सांगितलं तर फलक पास. नाही सांगितलं तर त्याला वाचता येत नाही असं म्हणू नका, फलक बदला.

हेच दुकानाच्या पाटीला, सोसायटीच्या नोटिशीला, लग्नपत्रिकेतल्या पत्त्यालाही लागू आहे. उद्या सकाळी आपापल्या दारावरची, कचेरीतली, यंत्राजवळची एक पाटी परक्या माणसाच्या नजरेनं वाचून पाहा. त्यातले दोन शब्द कमी करता येतात का बघा, अक्षराच्या फटी मोकळ्या आहेत का बघा, आणि उन्हानं विटली असेल तर आजच नवी लावा.